वायरीतलं तांबं

"हल्लीच्या वायरीत तांबं राहिलंय कुठं," अण्णा पुटपुटला. "नुसतं पिवळं पाणी देतात मेले."

तो टेबलाखाली शिरला होता आणि मी टेबलाला टेकून खाली बसले होते, त्यामुळं ते अगदी माझ्या कानात आलं. ते माझ्यासाठी नव्हतंच. अण्णा सगळा जन्म वायरींशी असाच बोलत आलाय. मी त्याच्या हातातल्या वायरीकडं बघितलं. तिच्या टोकाला निळ्या सुताची गाठ होती. तपासून पास केलेल्या वायरीला तो स्वतःच ती गाठ मारायचा. मग मी माझ्या लॅपटॉपकडं बघितलं. पडद्यावर जे दिसत होतं, त्यात वायरीचा काडीचा दोष नव्हता.

ही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट, इचलकरंजीतली. अण्णाच्या साठीला दोन दिवस राहिले होते.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, भूपाल मगदूम. स्टेशन रोडच्या आतल्या गल्लीत त्याचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानाला लागून व्हिडिओ गेमचं पार्लर. बारा डबे. डबा म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचा कन्सोल. कंपनीनं त्याला काहीतरी भारी नाव दिलं होतं, पण आमच्याकडं त्याला डबाच म्हणत, आणि प्रत्येकाच्या पाठीवर ऑइल पेंटनं नंबर. दोन डबे एका वायरीनं जोडले की दोन टीव्हींसमोर बसलेली दोन माणसं एकमेकांवर तुटून पडायची. यंत्रमागवाल्याचा मुलगा आणि त्याच मागावर कांड्या भरणारा पोरगा शेजारी बसून एकमेकांना गोळ्या घालायचे, आणि बाहेर पडताना चहाही एकत्र प्यायचे.

मी दहावी पास. लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडं गेले, पण दुपारचं काउंटर माझंच राहिलं. गिऱ्हाईक नसलं की अण्णा मला शिकवायचा. आधी सोल्डरिंग, मग मीटर धरायला, मग जुन्या कॉम्प्युटरवर हात साफ करायला. तिथून पुढं मीच वाहत गेले. लोक इंग्रजी 'हाऊ आर यू'पासून शिकतात, मी 'नॉट फाउंड'पासून शिकले. एका एररचा अर्थ लागला की दुसरी वाट बघतच असायची. माझ्या सासूबाई म्हणायच्या, हिला देवाचा नाद नाही आणि नटण्याचा नाही, मग नाद तरी कसला आहे ते एकदा कळू दे. मलाही तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

मोबाइल आले आणि पार्लर बंद पडलं. चार नंबर आणि नऊ नंबर घरात ठेवून बाकीचे डबे अण्णानं जुन्या गिऱ्हाइकांना देऊन टाकले. पुढं दोन वर्षांत त्याचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, जिवाला काही धोका नाही. अण्णानं त्या दिवशी सोल्डरिंगचं सामान कपाटात ठेवलं आणि तेव्हापासून चारचौघांत बसताना तो हात मांडीखाली दाबून बसायला लागला.

त्याच सुमाराला मला ती मंडळी भेटली. जगात ठिकठिकाणी असे जुने डबे राखून बसलेली माणसं आहेत. कंपनीनं त्या डब्यांकडं कधीचीच पाठ फिरवली, म्हणून त्यांनी आपणच एक सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. कल्पना साधी. वायरीला जोडलेला डबा सारखी हाक मारत असतो, मी इथं आहे, खेळायला कोण आहे? ती हाक घराच्या भिंतीबाहेर जात नाही. हे सॉफ्टवेअर ती हाक झेलतं, इंटरनेटवरून दुसऱ्या गावातल्या घरात नेतं आणि तिथल्या वायरीत जशीच्या तशी सोडतं. तिथल्या डब्याला वाटतं, शेजारच्या खोलीतूनच कुणी बोलावतंय. सगळा कोड उघडा. कुणीही वाचावा, चुका काढाव्यात, बदल सुचवावेत. पैसा कुणालाच नाही. गावजेवणात वाढपी असतात ना, तशी ही माणसं. ताट आपलं नाही, पण पंगत अडता कामा नये.

त्यांचा मुख्य माणूस फिनलंडमधला तेमू. शाळेत गणित शिकवायचा. मी धाडलेली पहिली दुरुस्ती म्हणजे एका ओळीतली चुकलेली खूण होती. त्यानं ती घेतली आणि खाली माझं नाव घातलं, राजमती चौगुले. ते पान मी नवऱ्याला दाखवलं. सुताला खळ लावायच्या सायझिंगमधून दमून आलेला माणूस, तो म्हणाला, "स्पेलिंग बरोबर आहे." एवढ्यावर मी आठवडाभर हवेत होते.

तर साठीचा बेत इरफानचा. इरफान मुल्ला हे पार्लरचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, आता सौदीत दमामला एका कंपनीत नेटवर्कचं काम बघतो. त्यानं ठरवलं, अण्णाच्या साठीला जुने आठ गडी जमवायचे. कुणी पुण्यात, कुणी सुरतेत, कुणी बेंगळुरूत, पण प्रत्येकाकडं अण्णानं दुरुस्त केलेला स्वतःच्या घरचा डबा. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्या सॉफ्टवेअरवर सगळ्यांनी एका मैदानात उतरायचं आणि चार नंबरवर अण्णानं बसायचं. अण्णाला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "माझ्या हातानं आता काय खेळणार मी?" पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं चार नंबर उघडून आतली धूळ पुसली होती.

आणि इथंच घोडं अडलं. पंधरा दिवस आम्ही झगडत होतो. इरफानच्या डब्याला फिनलंडमधला तेमूचा डबा दिसायचा आणि पुण्यातला संतोषचा दिसायचा नाही. संतोषला तेमू दिसायचा, सुरत दिसायची नाही. सातासमुद्रापलीकडचा परका दिसतो आणि आपलीच माणसं एकमेकांना दिसत नाहीत. वहिनी म्हणाली, "यात नवीन काय?"

म्हणून गुरुवारी मी चार आणि नऊ टेबलावर घेतले, मध्ये वायर घातली आणि त्यांच्या हाका पडद्यावर ओळीनं उमटतील अशी सोय केली. हे दोन डबे पार्लरमध्येही पुढंपुढं एकमेकांना दिसेनासे झाले होते. पोरं म्हणायची, चाराला नवाचा वास सहन होत नाही. अण्णा म्हणायचा, वायर. आणि दोघांना दोन टोकांना ठेवायचा.

डब्याच्या आत नखाएवढी एक चिप असते. तिच्यावर त्या डब्याचा पत्ता लिहिलेला असतो, कारखान्यातून येतानाच. जगात दोन डब्यांचा पत्ता एक नसतो. पडद्यावर चार नंबरची हाक उमटली, तिच्यापुढं पत्ता. खाली नऊ नंबरची. पत्ता तोच. मी एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं. सगळं तेच. मग मी इरफानकडून बाकी सगळ्यांच्या डब्यांचे पत्ते मागवले. पाच मिनिटांत आले. तेही तेच. आपलाच पत्ता असलेली हाक आली की डबा ती टाकून देतो. त्याला वाटतं, हा आपलाच आवाज परत आला.

आणि मग मला तो उन्हाळा आठवला. मागांच्या लाइनीत जादा व्होल्टेज आलं आणि अर्ध्या गावाचे टीव्ही, पंखे, डबे जळाले. आमच्याकडं मेलेल्या डब्यांची रास लागली. कंपनीचा माणूस म्हणाला, फेकून द्या. अण्णानं आठ दिवस दुकान आतून लावून घेतलं आणि मग एकेक डबा उठवून बाहेर आणला. निपाणीहून, मिरजेहून लोक डबे घेऊन आले. भूपाल अण्णानं हात लावला की मेलेला डबा उठतो, हे वाक्य तेव्हाचं. ते गावात आजही म्हणतात. चांगल्या डब्याची चिप कोऱ्या चिपेवर उतरवून घेतली, एवढं त्यानं मला सांगितलं होतं. चांगला डबा म्हणजे कुठला, ते मी विचारलं नव्हतं. चार नंबर. चाळीसएक डबे, त्यात पार्लरमधला एकटा नऊ, बाकी गिऱ्हाइकांचे, आणि सगळ्यांना चार नंबरचा पत्ता. घरोघरी एकेकटे खेळत होते, कुणाला कळायचं कारणच नव्हतं.

टेबलाखालून अण्णा बाहेर आला. "काय दिसतंय?" त्यानं विचारलं.

"बघतेय अजून," मी म्हटलं.

उपाय सापडला शुक्रवारी सकाळी. पत्ता सारखा असेल तर वाटेतच एकाच्या हाकेच्या पाकिटावर दुसरा, बनावट पत्ता घालायचा, आणि उत्तर परत येताना पुन्हा खरा लावायचा. वाचायला सोपं वाटतं. मी त्याच्या साडेतीनशे ओळी लिहिल्या आणि दोनशे खोडल्या. अकराच्या सुमाराला चार आणि नऊ त्या कोडमधून जोडले. चार नंबरच्या पडद्यावर एक ओळ आली, एक खेळाडू सापडला. दहा-बारा वर्षं एका छपराखाली राहून अबोला धरलेले दोघं एकमेकांशी बोलले. मी उठून उभी राहिले आणि परत बसले. मला ओरडायचं होतं, पण कुणाला काय सांगून ओरडणार?

दारात अण्णा उभा होता. त्यानं दोन्ही पडद्यांकडं बराच वेळ बघितलं.

"वायर बदललीस?" त्यानं विचारलं.

"हां," मी म्हटलं. "बदलली."

तो जवळ आला. वायरीचं टोक त्यानं डाव्या हातात घेतलं, आणि त्याचा अंगठा त्या निळ्या गाठीवर जाऊन थांबला. मी लॅपटॉपमध्ये मान घातली.

"बरं केलंस," तो म्हणाला आणि आंघोळीला गेला.

दुपारी मी तो बदल तेमूकडं धाडला. आमच्या मंडळींचा एक कायदा आहे. बदलाबरोबर कारण लिहायचं. काय बिघडलं, का बिघडलं आणि कुठल्या यंत्रावर पाहिलं. त्याशिवाय बदल मंजूर नाही, आणि मंजूर नाही तो सर्व्हरवर चढत नाही. मी लिहिलं, काही डब्यांचे पत्ते सारखे आढळतात. तासाभरात तेमूचं उत्तर आलं. त्यानं आधी तोंड भरून कौतुक केलं. इतका नेटका कोड वर्षभरात आला नाही, असं लिहिलं. मग खाली लिहिलं, पण सारखे का? कारण माहीत नसेल तर आपण भलतंच भोक बुजवत असू. उद्या बोलू.

त्याचं बरोबर होतं, हीच पंचाईत. 'दुरुस्तीत' एवढा एक शब्द लिहिला असता तर काम झालं असतं. पण तो शब्द आठही गडी वाचणार होते. अण्णाकडं आता हात राहिला नव्हता, दुकान राहिलं नव्हतं. राहिलं होतं ते एवढंच, की अण्णानं हात लावला की डबा उठतो. ते त्याच्या साठीलाच काढून घ्यायचं, आणि तेही मी?

स्वयंपाकघरात वहिनी खपली गहू कांडून घेत होती, दुसऱ्या दिवशीच्या खिरीसाठी. ती माझ्याकडं न बघताच म्हणाली, "वन्सं, काय सापडलं असेल ते परवा सांगा."

मी विचारलं, "तुम्हाला काय माहीत, काय सापडलं ते?"

"मला काय कळतंय त्यातलं?" ती म्हणाली. "पण पार्लर झाडताना चार नि नऊ शेजारी ठेवले की हे येऊन लांब करायचे. वायर खराब असती तर वायर टाकून दिली असती की. मी कधी विचारलं नाही. सगळं विचारून संसार होत नसतो."

शनिवारी सकाळी जैन बस्तीत अभिषेक झाला, घरात खीर झाली, गल्लीतली माणसं येऊन पाया पडून गेली. अण्णानं नवा पांढरा सदरा घातला होता. प्रत्येकजण ते वाक्य म्हणत होता आणि अण्णा मांडीखाली हात दाबून हसत होता. तीन वाजता बोलणं सुरू झालं. लॅपटॉपवर एका चौकटीत तेमू, मागं खिडकीत बर्फ. दुसरीत इरफान. मी टेबलाशी आणि माझ्या मागं खुर्चीत अण्णा. तो म्हणाला होता, मी नुसता बसतो, मला काय इंग्रजी कळत नाही.

तेमूनं पुन्हा तेच विचारलं. मी तोंड उघडायच्या आत इरफान बोलला. तो म्हणाला, कारखान्यातलीच चूक असणार, त्या वर्षीच्या मालात झाली असेल. अगदी सहज, ठाम आवाजात म्हणाला. मी त्याच्या चौकटीकडं बघितलं तर तो खाली बघत होता. तेव्हा मला कळलं. हा नेटवर्कचा माणूस. सगळ्यांचे पत्ते त्यानंच गोळा करून मला पाठवले होते. त्याला माझ्याआधी दिसलं असणार. पंधरा दिवस तो माझ्याबरोबर वायरी बदलत बसला होता.

मी म्हटलं, असेल, कारखान्यातलीच असेल.

तेमूनं डोक्यात काहीतरी जुळवलं. मग म्हणाला, असं असेल तर गंभीर आहे. त्या वर्षीच्या मालाबद्दल सगळीकडं इशारा लावावा लागेल. लोकांना आपापले डबे उघडून चिप तपासायला सांगू. दोन-तीन हजार डबे तरी असतील. आत्ताच लिहायला घेतो.

"काय म्हणतोय?" मागून अण्णानं विचारलं.

मला खोटं सांगता आलं असतं. शुक्रवारी सांगितलं होतंच. पण मी सांगितलं, जसंच्या तसं. लोकांना डबे उघडायला सांगणार आहे.

"चांगले डबे?"

"हां."

"कशासाठी?"

मी पुन्हा लॅपटॉपमध्ये मान घातली. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

अण्णा उठला. खुर्ची ओढून माझ्या शेजारी आला, इतका जवळ की कॅमेऱ्यात आधी त्याचं कपाळच आलं. मांडीखालचा हात त्यानं काढला आणि टेबलावर ठेवला. हात थरथरत होता, आणि त्याखाली टेबलही किंचित वाजत होतं.

"राजी, त्याला सांग, चांगले डबे उघडू नका म्हणावं. उघडला की आयुष्य कमी होतं डब्याचं."

मी सांगितलं.

"कारखान्यानं काय केलं नाही. चार नंबरची चिप मी उतरवली. सगळ्यांवर एकच. सांग."

"अण्णा, असू दे की," इरफान चौकटीतून म्हणाला. त्याचा आवाज पार्लरमधल्या वेळचा झाला होता. "कुणाला काय पडलंय?"

"असू दे काय? आठ दिवस दार लावून काय करत होतो, ते कुणी विचारलं नाही मला. डबे उठले, सगळे खूश. पत्ता एकच पडला हे तेव्हा ध्यानात आलं नाही." तो थांबला. "नंतर आलं. चार नि नऊ एकमेकांना बघेनात, त्या दिवशीच आलं. एवढे लोक पाया पडत होते."

मी एकेक वाक्य इंग्रजीत करत होते. माझं इंग्रजी एररमधलं, त्यात 'मी चुकलो' हे वाक्य बसवायला मला शब्द शोधावा लागला नाही. तेमू लिहायचं थांबवून ऐकत होता. मग त्यानं हळू विचारलं, तेव्हा चिपेची माहिती कुठंच छापलेली नव्हती, मग या माणसानं ती वाचली कशी? मी अण्णाला विचारलं.

"मीटर लावून," अण्णा म्हणाला. "चिपेचा एकेक पाय. कागदावर लिहून."

तेमूनं स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहिला.

"हसतोय का?" अण्णानं मला विचारलं.

"नाही. तो म्हणतोय, त्या कागदाचा फोटो मिळेल का?"

अण्णाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तो खुर्चीत मागं झाला, पण हात टेबलावरच राहिला, उघडा, थरथरता, सगळ्यांना दिसेल असा.

"कागदाचं बघू," तो म्हणाला. "आधी ते कारण लिही. माझं नाव घालून लिही. नि हे हुडकलं कुणी, तेही लिही. अण्णाची बहीण असं लिहू नको. नाव लिही तुझं, पुरं."

मी कारणाच्या चौकटीत लिहायला लागले. दारात वहिनी येऊन उभी राहिली, पदराला ओले हात पुसत. अण्णानं टेबलावरून ती वायर उचलली आणि निळ्या गाठीवर अंगठा ठेवला. तो बोलला ते तिच्याशी होतं, की इरफानशी, की माझ्याशी, कुणास ठाऊक.

"काल हिनं वायर बदलली नव्हती. ही तीच वायर. तांबं होतं हिच्यात. पहिल्यापासून होतं."